एकोडीच्या बांधीतला डोंगेवाला

त्या पावसाळ्यात एकोडी गावातल्या आमच्या धानाच्या बांध्यांमध्ये समुद्र शिरला. हजारो वर्षांपूर्वीचा, ग्रीस देशाचा समुद्र. ठिकठिकाणी बेटं असलेला, आणि प्रत्येक बेटावर कोणीतरी देव किंवा राक्षस वाट पाहत बसलेला. मी समुद्र पाहिलेला नाही. भंडाऱ्याच्या पुलावरून पुराची वैनगंगा मात्र पुष्कळदा पाहिली आहे, पलीकडचं कारधा गाव धुक्यात विरघळून गेलेलं असताना. पाण्याला दुसरा काठच नाही, असं तेव्हा वाटतं. तेवढ्या भांडवलावर मी समुद्र लिहीत होते.

पण क्रमाने सांगते. क्रम सुटला की मला काहीच सुचत नाही.

भंडाऱ्यात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. एकदा एका विद्यार्थिनीच्या नोट्स टाईप करताना प्राचीन ग्रीसचा नकाशा समोर आला. पाण्यात विखुरलेले जमिनीचे तुकडे, प्रत्येकाला नाव, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मला आमची धानाची शेती आठवली. धुऱ्यांनी, म्हणजे मातीच्या बांधांनी, आखलेले पाण्याचे चौकोन. त्यांना आम्ही बांध्या म्हणतो, आणि त्यांनाही नावं असतात. त्यानंतर त्या काळाबद्दल मिळेल ते वाचलं, बरंचसं मोबाईलवर, शब्दकोश शेजारी ठेवून. पुढे दुकानाचं शटर उघडण्याआधीच्या वेळात स्वतःच एक वीरकथा लिहायला बसले. पाणी भरणं, डबे, देवपूजा आणि मग ग्रीस, असा माझ्या सकाळच्या यादीचा क्रम होता.

कथा अशी. एका लहानशा बेटावरच्या गावातला विस्तव विझतो. त्या काळी गावाच्या मधोमध एक पवित्र चूल असायची आणि तिच्यातून घरोघरी आग जायची. ती विझली की गावच विझलं. नवा विस्तव मिळतो फक्त जगाच्या टोकाला, सूर्यदेवाच्या जळत्या अंगणात. गावातला एक साधा वल्हेकरी सोबती घेऊन तो आणायला निघतो. वाटेत सावली अंगावर पडताच जागे होणारे दगडी सैनिक आहेत, गरुडाच्या डोक्याचे घोडे आहेत, वारा पोत्यात भरून विकणारी म्हातारी देवी आहे. तो लढतो, जिंकतो, मातीच्या भांड्यात विस्तव घेऊन परत फिरतो. पण त्या विस्तवाला लाकूड चालत नाही. त्याला आठवण खायला घालावी लागते. प्रत्येक बेटावर एक. कुठे आईचा आवाज, कुठे अंगणातल्या झाडाची सावली, कुठे बायकोचं नाव.

शेवट मी कधीच लिहून ठेवला होता आणि त्यावर माझा जीव होता. आग जगवता जगवता तो आपलं गावही आगीत घालतो. विस्तव समोर ठेवून तो स्वतःच्याच बेटाजवळून वल्हवत जातो. बेट मागे पडल्यावर त्याला एक अंधारं गाव दिसतं. कोणाचं असेल, बिचारे, असं मनाशी म्हणत तो पुढे निघून जातो.

आषाढ संपता संपता, एकोडीला एकट्या राहून शेती करणाऱ्या सासूबाई ओल्या धुऱ्यावरून घसरल्या. नडगीचं हाड मोडलं. प्लास्टर घालून खाटेवर आल्या त्या दिवशी माझा नवरा वरठीच्या कारखान्यातून पाळी संपवून थेट मोटारसायकलने एकोडीला आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, “आता बस झालं, आई. जमीन ठेक्यानं देऊन टाकू. तू चाल भंडाऱ्याले.”

“दुसऱ्या माळ्यावर?”

“लिफ्ट आहे ना.”

“लिफ्टीत बसून कोठी जाऊ? गच्चीवर?” सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी धानाच्या लावणीचं काढलं, “अन् या साली रोवणा झाला तं?”

“कोण करणार? तू खाटेवर, मी कारखान्यात.”

“झाला तं?”

“झाला तर बघू.”

“बघू नाही. झाला तं मी अठीच राहीन. होव म्हण.”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजर प्लास्टरकडे वळवली. तो म्हणाला, “होव.” हा माणूस शब्द मोडत नाही, हे आईला ठाऊक होतं. आणि ती दुसऱ्या माळ्यावर आली तर सहा महिन्यांत सुकेल, हे मला ठाऊक होतं. नवऱ्यालाही असावं, म्हणूनच तो त्या दिवशी चहा न घेता गेला.

दुकानाच्या किल्ल्या तिथे काम करणाऱ्या मुलीकडे दिल्या आणि मी एकोडीला राहायला गेले. पहिल्या संध्याकाळी यादी केली. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तयार होती. उलट जून व्हायला लागली होती, आणि जून पऱ्हे लावले की त्यांना फुटवे येत नाहीत. जोराच्या पावसाने दडी मारलेली, अधूनमधून नुसती भुरभुर. तलावाचं पाणी पाळीने सुटत होतं. आमची पाळी संपायच्या आत चिखल करून रोवणा, म्हणजे लावणी, उरकायला हवा होता. ट्रॅक्टर ठरलेला. राहिल्या फक्त बाया. त्यांच्यापुढे मी प्रश्नचिन्ह काढलं.

ते चिन्ह बरोबर ठरलं. बाया पहिल्या दिवशी आल्या, पण सासूबाईंच्या शब्दाखातर. पलीकडच्या मोठ्या शेतकऱ्याची ट्रॉली त्याच रस्त्यावरून जायची. तो बायांना घरून न्यायचा, सोडायचा, वर पोहे आणि चहा द्यायचा. रोजी आमच्याइतकीच. पण ट्रॉली ती ट्रॉली.

मी धुऱ्यावर छत्री घेऊन उभी. खाली चिखलात बाया ओळीने वाकलेल्या, अंगावर प्लास्टिकच्या कागदाच्या खोळी, निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या. डाव्या हातात पेंढी, उजव्या हाताने चार-चार काड्या चिखलात खोचायच्या आणि एक पाऊल मागे सरायचं. रोवणा नेहमी मागे मागे चालतो. लावलेलं समोर राहतं, लावायचं पाठीशी.

दुपारी शिदोऱ्या सोडल्यावर टोळीची पुढारीण हात धुता धुता म्हणाली, “वहिनी, उद्याचं काही खरं नाही बरं आमचं.”

“का?”

“ट्रॉलीवाला बलावून राहिला. अन् मोठीबाई होती तं गोष्ट वेगळी होती.”

“सासूबाई काय करायच्या?”

उत्तर दिलं टोळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने. ती सासूबाईंच्या बरोबरीची, तोंडात दात मोजके, पण हात सगळ्यांत चपळ. “काहाणी सांगे. राजाची, राक्षसाची. कंबर दुखते हेच समजत नव्हतं. तुले येते का, सूनबाई, एखादी? का नुसती छत्रीच धरता येते?”

बाया हसल्या. मला राजाची कहाणी येत नव्हती, राक्षसाची येत नव्हती. डोक्यात होता तो एकच माणूस, विस्तव आणायला निघालेला.

मी छत्री मिटली आणि सुरुवात केली. “फार जुन्या काळी, समुद्रातल्या एका बेटावर…”

“बेट म्हणजे?” टोळीतल्या नव्या सुनेने विचारलं. माघातच लग्न झालेलं, नवरा हैदराबादेकडे बांधकामावर. ती फारसं बोलत नसे.

“सगळीकडून पाणी आणि मधे गाव.”

“मंग आपल्यावानीच,” पुढारीण म्हणाली आणि भरलेल्या बांध्यांवरून हात फिरवला. खरंच होतं. गाव उंचावर आणि चारही बाजूंनी पाणी, त्यात आभाळ उलटं पडलेलं.

त्या दिवशी समुद्र सुरू झाला. कुठेकुठे तो आमच्या हिशेबाने वाहायचा. ऑलिव्हचं झाड कसं असतं हे मला सांगावं लागलं: म्हातारं होतं पण मरत नाही, फळ लहान, कडवट, त्याचं तेल काढतात.

“म्हणजे मोह,” म्हातारी म्हणाली.

“मोह नाही. ऑलिव्हच्या फुलांची दारू करत नाहीत.”

“दारू नाही, नुसतं तेल? मंग काय कामाचं झाड, बाप्पा! म्हणूनच त्याहीचा विस्तव विझला.”

मी वाद घातला नाही. त्यानंतर त्या बेटावर मोहाचीच झाडं उगवली. वल्हेकऱ्याच्या तीस वल्ह्यांच्या जहाजाला त्यांनी डोंगा म्हटलं आणि त्याला डोंगेवाला. “डोंगेवाल्याचं काय झालं?” असं म्हणतच त्या दुसऱ्या दिवशी सकाळी धुऱ्यावरून आल्या. मागे रस्त्यावर ट्रॉलीचा भोंगा दोनदा वाजला आणि गेला.

वल्हेकरी कसे बसतात, हे सांगितलं तो दिवस मला आठवतो. पुढे जायचं त्या दिशेला पाठ करून बसतात, मी म्हटलं. कुठे चाललो ते दिसत नाही; जे सोडून आलो तेच समोर दिसत राहतं, लहान लहान होत जाणारं.

ओळ एकदम थांबली. पुढारिणीने कंबर सरळ केली. “म्हणजे पाठीकडूनच जाते तो?”

“हो.”

“अवं, हा तं आपल्याच टोळीतला निघाला!”

हशा असा उठला की पलीकडच्या बांधीतले बगळे उडाले. त्या दिवसापासून तो त्यांचा झाला. दगडी सैनिकांशी तो लढला तेव्हा म्हातारी प्रत्येक वाराला “हाण!” म्हणत काडी खोचायची, आणि रोवणाही तितकाच जोरात पुढे, म्हणजे मागे, सरकायचा. वारा विकणाऱ्या देवीशी त्याने घासाघीस केली तेव्हा पुढारिणीने त्याला भाव शिकवला. तो फसतोय, असं तिला वाटत होतं. वारा सुटा विकत घ्यायचाच नसतो, पोतंच्या पोतं घ्यायचं.

दिवस कसे गेले, सांगता येत नाही. भुरभुर पाऊस परत सुरू झाला होता, ऊन असूनही पडणारा. मी धुऱ्यावरून चालत सांगायची आणि सांगता सांगता मलाच कधीकधी कळायचं नाही की मी कुठे आहे. तलावाची पाळ मला उंच कड्यासारखी दिसायची. वाऱ्याने फुगलेल्या खोळी शिडांसारख्या. वाकलेल्या बायांची ओळ मागे सरकत यायची, मोठ्या जहाजाच्या एका बाजूच्या वल्ह्यांसारखी, सगळी एकाच वेळी पाण्यात, एकाच वेळी वर. हिरव्या काड्यांची रांग त्यांच्या समोर लांबत जायची. नव्या सुनेच्या कमरेला पिशवीत गुंडाळलेला मोबाईल असायचा. तो वाजायचा नाही. एकदा मी सांगत होते की तिसऱ्या बेटावर त्याने बायकोचं नाव विस्तवात टाकलं. तिने मान वर न करता विचारलं, “काकी, त्याले समजलं का, काय टाकलं ते?”

“नाही. टाकलं की समजत नाही.”

“बरं हाय मंग,” ती म्हणाली आणि पेंढी सोडली.

आता माझी चूक. मी कामाला लागताना बांध्या आणि प्रकरणं जुळवून घेतली होती. एका बांधीला एक प्रकरण. आंब्याच्या बांधीला दगडी सैनिक, लांब बांधीला वारा विकणारी देवी, आणि शेवटी तलावाखालची बांधी, सगळ्यात मोठी, तिला शेवटचं प्रकरण. कागदावर चोख बसलं होतं. पण एका सकाळी ट्रॅक्टर आलाच नाही. चिखल नाही तर रोवणा नाही. बाया धुऱ्यावर बसून राहिल्या, रस्त्यावर ट्रॉली उभी राहिली आणि चालकाने हाक मारली, “येता का व, बायांनो? पोहे गरम आहेत!” दोघी-तिघी पदर झटकून उठल्याही. मी पुढचं प्रकरण काढलं. ट्रॉली गेली, पण ट्रॅक्टर दुपारपर्यंत आला नाही, आणि दुपारपर्यंत मी तेही संपवलं. नंतर चिखल झाला, शेवटून दुसऱ्या बांधीचा रोवणा सुरू झाला आणि सांगायला उरलं होतं फक्त शेवटचं. मी तेही सांगितलं.

सांगितलं छान. डोंगेवाला आपल्या गावाजवळून पुढे निघून गेला, तेव्हा बांधीही संपली आणि सूर्यही कलला. मी त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याची वाट पाहत होते.

“मंग?” पुढारीण म्हणाली.

“मग काही नाही. संपलं.”

“संपलं कसं? विस्तव त्याच्यापाशीच?”

“हो.”

“अन् गावातल्या चुली थंड्याच?”

“हो. म्हणजे, त्यातच तर…”

“काही नाही त्यात!” म्हातारी कडाडली. “इतक्या दूर गेला, मारामाऱ्या केल्या, लेकरासारखा विस्तव सांभाळला, अन् घरापासून पुढे निंगून गेला? हे काय काहाणी झाली? आमची आठ दिवसांची कंबर मोडली त्याच्यापायी!”

पुढारिणीने चिखलाचे पाय पाटाच्या पाण्यात धुतले. शांतपणे म्हणाली, “वहिनी, तलावाखालची बांधी राहिली ना? त्याले घरी आणा. मंग रोवतो. नाही तं आम्ही चाललो ट्रॉलीत.”

“अहो, गोष्ट आहे ती.”

“मंग तं सोपंच आहे. आणा.”

पाण्याची आमची पाळी दुसऱ्या दिवशी संपत होती. उपटलेल्या पेंढ्या धुऱ्यावर ठेवलेल्या होत्या, शेंडे पिवळे पडायला लागलेले. सासूबाईंना घरी जाऊन सगळं सांगितलं. त्या खाटेवर उशीला टेकून ऐकत होत्या.

“तू पुरी सांगतली?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“बांधी बाकी असताना?”

त्यांनी कपाळाला हात लावला. “पोरी, काहाणी अर्धी ठेवाची असते. घास दाखवाचा, तोंडात नाही घालाचा. इतक्या याद्या करतेस, हे कोठी लिवलं नाहीस?”

नव्हतं लिहिलं. त्या प्लास्टरवरून हात फिरवत दारातून दिसणाऱ्या तलावाच्या पाळीकडे पाहत राहिल्या. तेवढं मला पुरेसं होतं. मी नवा शेवट शोधायला बसले. त्याला देवाने आठवणी परत दिल्या, असं लिहिलं, खोटं वाटलं. गावकऱ्यांनी काठावरून हाका मारल्या, असं लिहिलं. पण त्याला आपलं नावही आठवत नव्हतं. कागद घडी करून ठेवून दिला.

सकाळी बाया आल्या, पण बांधीत उतरल्या नाहीत. धुऱ्यावर ओळीने बसल्या, खोळी गुडघ्यांवर ओढून. धुकं इतकं होतं की तलावाखालच्या बांधीचा पलीकडचा धुरा दिसत नव्हता. पाण्याला दुसरा काठच नाही, असं वाटत होतं. दूर रस्त्यावर ट्रॉलीचा आवाज येत होता, दिसत काहीच नव्हतं.

“आला का घरी?” पुढारिणीने विचारलं.

“येतोय,” मी म्हटलं. काय येतोय, मला माहीत नव्हतं. पण पेंढ्या पिवळ्या पडत होत्या आणि हात रिकामे ठेवून उभं राहणं मला जमत नाही. मी चपला धुऱ्यावर काढल्या, साडी खोचली, एक पेंढी घेतली आणि चिखलात उतरले.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी बांधीत कधी उतरले नव्हते. चिखल गुडघ्यापर्यंत आला, वर गार आणि खाली कोमट. मी चार काड्या खोचल्या. त्यातल्या दोन लगेच तरंगल्या.

“अवं, धान लावून राहिली का फुलं वाहून राहिली?” म्हातारी ओरडली. “खोल दाब!”

दाबलं. एक पाऊल मागे. पुन्हा चार. वाकल्या वाकल्या मी बोलायला लागले, आणि वाकून बोललं की आवाज वेगळाच येतो, पाण्याला सांगितल्यासारखा.

“तो वल्हवत होता,” मी म्हटलं. “सोबतचे सगळे गेले होते. जहाज गेलं होतं. एक लहानसा डोंगा, आणि समोर मातीच्या भांड्यात विस्तव. त्याला दुसरं काही दिसत नव्हतं. त्या विस्तवाच्या उजेडात मागे राहिलेलं पाणी दिसायचं, तेवढंच. धुकं होतं.”

एक पाऊल मागे. धपकन कोणीतरी चिखलात उतरलं. डावीकडे पाहिलं तर नवी सून, पेंढी सोडत. “सांगा, काकी.”

“आठवण एकही उरली नव्हती. विस्तव विझायला आला होता. त्याला घालायला काही नव्हतं. त्याला वाटलं, आता थांबावं. पण हाताला वल्हं मारायची सवय होती, म्हणून तो मारत राहिला. कुठे चाललो हे त्याला माहीत नव्हतं. तसं ते कोणत्याच वल्हेकऱ्याला दिसत नाही. पाठ तिकडे असते.”

उजवीकडे पुढारीण उतरली, तिच्या पलीकडे आणखी दोघी. शेवटी शिव्या घालत म्हातारी. ओळ भरली. मग काड्या आत जाताना होणारा बारीक आवाज आणि पावलांचा आवाज, एवढंच. धुकं अंगावरून वाहत होतं. मला खरंच वाटत होतं की आम्ही सगळ्या मिळून काहीतरी वल्हवत नेतो आहोत. समोर हिरवी रांग लांबत होती, मागे काय आहे ते कोणालाच दिसत नव्हतं. मी त्या माणसाबरोबर होते, आणि त्याच्याइतकंच मलाही पुढचं माहीत नव्हतं. ट्रॉलीचा भोंगा वाजल्याचं मला आठवत नाही. पुढारीण म्हणते वाजला होता.

मधे भाकरी खाल्ली, पुन्हा वाकलो. धुकं विरलं, ऊन आलं, ऊन उतरलं. माझी कंबर माझी राहिली नव्हती. आणि मग मागे टाकलेलं पाऊल मागे गेलंच नाही. टाच कशाला तरी लागली. घट्ट, ओलं, गवताळ.

धुरा.

मी तशीच वाकलेली राहिले. “त्याचा पाय लागला,” मी म्हटलं.

“कोणाचा?” नवी सून.

“डोंग्याच्या बुडाला वाळू लागली. तो उतरला, विस्तव छातीशी धरून, पाठमोराच. एक पाऊल मागे टाकलं आणि टाच लागली. त्याला काही आठवलं नाही. पण पाय थांबला. इतक्या बेटांवर उतरला होता, कुठेच पाय असा थांबला नव्हता. लहानपणापासून रोज याच काठावर उतरलेला पाय तो. ते आगीत टाकायचं राहून गेलं होतं, कारण ते आपल्याजवळ आहे हेच त्याला माहीत नव्हतं.”

सगळ्यांच्या टाचा धुऱ्याला टेकलेल्या होत्या.

“काठावर एक बाई उभी होती. हातात खापर. ती म्हणाली, विस्तव देता का जरासा?”

“बायको?” नवी सून.

“बायको.”

“तो ओळखते तिले?”

“नाही.”

“अन् ती?”

“ती ओळखते.”

नवी सून सरळ उभी राहिली. चिखलाच्या हाताने तिने कपाळावरचे केस मागे सारले, तिथे मातीचा पट्टा उमटला. “मंग ठीक आहे,” ती म्हणाली.

म्हातारीने माझ्या काड्यांच्या रांगेकडे पाहिलं. ती नागमोडी गेली होती, तिच्या दोन्ही बाजूंच्या रांगा सरळ. “असाच आला असन तो,” ती म्हणाली. “वाकडातिकडा. पण आला.”

आमच्याकडे रोवणा आटोपला की बाया मालकिणीला चिखल लावतात. मला डोक्यापासून लावला, लावायला जागा फारशी उरली नव्हती तरी. मग ओंजळीत चिखल घेऊन सगळी टोळी घरी गेली. सासूबाई ओरडत राहिल्या, “डॉक्टर मारन मले!” पण पाय मागे घेतला नाही. पांढऱ्या प्लास्टरवर सगळ्यांचे हात उमटले. नव्या सुनेचा सगळ्यात लहान, घोट्याजवळ.

नवरा आला तेव्हा अंगण धुऊन झालं होतं, प्लास्टर तसंच होतं. त्याने ते पाहिलं, मग माझे पाय पाहिले. “तलावाखालची पण झाली?”

“जाऊन पाह्य,” सासूबाई म्हणाल्या. “अन् काय बोलला होता ते आठवते ना?”

“आठवते.” तो पायरीवर बसला आणि त्या दिवशी त्याने दोन कप चहा घेतला.

तो गेल्यावर सासूबाईंनी मला खाटेजवळ बोलावलं. शेवट त्यांना बायांकडून कळला होता, पण तुकड्या-तुकड्यांत. मी पुन्हा सगळा सांगितला, धुकं, टाच, खापर, सगळं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं, झोपल्या.

“मंग जेवला का तो?” त्यांनी विचारलं.

“कोण?”

“कोण म्हणजे? इतक्या दुरून आला. तिनं चूल पेटवली असन ना. वाढलं का त्याले?”

“ते मी लिहिलेलं नाही.”

“मंग लिही. उपाशी नको ठेवू लेकराले.”

सकाळच्या यादीत मी पहिल्या क्रमांकावर तेच लिहिलं: त्याला जेवायला वाढणे.